चारही घोडे थांबले

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. फेब्रुवारीची एकोणीस तारीख, मंगळवार. तारीख माझ्या पक्की लक्षात आहे, कारण त्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावरून पडले, आणि तेही पळत्या नव्हे, उभ्या घोड्यावरून. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि चौदा वर्षं घोड्यावर बसत होते.

त्याआधीच्या ऑक्टोबरात अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. नुसती कुजबुज राहिली. घरातल्या दुसऱ्या कुणाचा गेला असता तर जरा शांतता झाली असती. पण आमच्या वडिलांचा आवाज म्हणजेच आमची शाळा होती. एकेचाळीस वर्षं ते रिंगणाच्या मधोमध उभे राहून माणसांना घोड्यावर बसायला शिकवत होते. वर पत्र्याचं उंच छप्पर, खाली वाळू आणि लाकडाचा भुसा, एका बाजूला बाकांचा सज्जा आणि सज्ज्याला लागून अण्णांची खोली. खोलीच्या खिडकीतून सगळं रिंगण दिसे. आजारपणात ते त्या खिडकीशीच बसून असत.

त्यांचा एक कडक नियम होता, रिंगणात नातं नाही. फाटकाच्या आत पाऊल पडलं की ते अण्णा नव्हते, मास्तर होते. आणि आम्हाला आमच्या नावाने हाक नव्हती, घोड्याच्या नावाने होती. मी मिरीवर बसले की मी मिरी. “मिरी, टाच खाली! वकील, दुडकी!” दादा भोपळ्यावर बसला की दादा भोपळा. आठ वर्षांची असताना मी एकदा रिंगणात “अण्णा, पाणी” म्हणाले, तर तबेल्यातली सहा घोड्यांची ठाणं मला झाडावी लागली होती. पाणी त्यानंतर मिळालं.

जानेवारीत घोडेस्वारी संघटनेचं पत्र आलं. काकांनी ते रात्रीच्या जेवणाआधी टेबलावर चष्मा पुसून वाचलं. काका अण्णांचे धाकटे भाऊ. शाळेचे कागद, शिक्के, किल्ल्या, सगळं त्यांच्याकडे. घोड्याला मात्र त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नव्हता.

“एक मार्चनंतर परवाना असलेला प्रशिक्षक नसेल तर शाळा बंद,” काका म्हणाले. “आता आपल्याकडे कोण आहे? मी शेजारच्या क्रीडा मंडळाच्या सचिवांशी बोललोय. ते रिंगण घ्यायला तयार आहेत. टेनिस खेळतील तिथे.”

“आणि घोडे?” वहिनीने विचारलं.

“घोडे काय टेनिस खेळणार आहेत? जातील कुठेतरी.”

वहिनी म्हणजे दादाची बायको. लग्न होईपर्यंत ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि घोडा तिने फक्त खोकल्याच्या बाटलीवरच्या चित्रात पाहिला होता. आमच्याकडे आल्यावर पहिले चार महिने ती तबेल्याच्या दारात नुसती उभी राहून बघायची. मग एक दिवस अण्णांना म्हणाली, मला बसवा. ऑक्टोबरपासून सगळे वर्ग तीच घेत होती. तरीपण ती काय म्हणणार आहे ते आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

“मी परीक्षा देते,” ती म्हणाली.

सगळ्यांत आधी आत्या बोलली. आत्या अण्णांची बहीण, अठ्ठावन्न वर्षांची. तिच्याइतकी पक्की मांड आमच्या घरात कुणाचीच नव्हती, अण्णांचीसुद्धा नाही.

“सून शिकवणार? वा! मला माझ्या बापाने सांगितलं होतं, बाईने हवं तर घोड्यावर बसावं, पण रिंगणाच्या मध्ये उभं राहू नये. तेव्हा ह्या घरात एकाने तोंड उघडलं नाही.” तिने अण्णांकडे पाहिलं. “तू समोरच बसला होतास. असाच. चमचा हातात धरून.”

अण्णांनी चमचा खाली ठेवला.

“तुमच्यावर अन्याय झाला, आत्या,” वहिनी म्हणाली, “पण तो मी नाही केला.”

“मग निस्तरायला तू कशाला पुढे होतेस?”

काका मान डोलवत होते. आत्या आणि काका एका बाजूला, असं आमच्या घरात कधी होत नसे. दोघांचं मीठ किती घालावं यावरूनही भांडण. पण त्या रात्री झालं. आणि मी? खरं सांगायचं तर मी गप्प बसले. मला वाटत होतं, अण्णांच्या गळ्यातली ती मास्तरांची शिट्टी माझ्याकडे यायला हवी. मी घरची मुलगी, मी सहाव्या वर्षापासून बसतेय. परीक्षेला पंचवीस वर्षं वय लागत होतं, म्हणून माझं अडलं होतं इतकंच. वहिनी माझी लाडकी होती, पण शिट्टी वेगळी.

“तू काय म्हणतोस?” काकांनी दादाला विचारलं.

दादा नालबंद. घरातले आणि बाहेरचेही घोडे तोच नाल मारी. फार बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. “मी मत देत नाही,” तो म्हणाला. “मी नाल मारतो. परीक्षा कितीला आहे? आदल्या दिवशी चारही घोड्यांना नवे मारीन.”

मग अण्णांनी पाटी ओढली. आवाज गेल्यापासून ते पाटीवर लिहीत. त्यांनी दोनच शब्द लिहिले: ‘देऊ दे.’

“ठीक आहे,” काका म्हणाले. “एकोणीसला परीक्षा, ना? मग मी सचिवांना त्याच दिवशी पाचला बोलावतो. निकाल लागला की लगेच पुढचं बोलता येईल.”

परीक्षक साडेनऊला आले. हाडकुळे, एका पायाने लंगडत चालणारे, कोटाच्या खिशात तीन पेन्सिली. चहा नको म्हणाले, खुर्ची नको म्हणाले. रिंगणाच्या कोपऱ्यात वही उघडून उभे राहिले. नियम त्यांनीच सांगितला. चार स्वार, चाळीस मिनिटांचा वर्ग. प्रशिक्षकाने घोड्यावर बसायचं नाही, मधे उभं राहून शिकवायचं. आणि आपण प्रशिक्षकाकडे बघणार नाही, स्वारांकडे बघणार.

स्वार आम्ही असे होतो: मिरीवर मी. सुतळीवर टायपिस्ट, जिला उंचीची भीती होती आणि म्हणूनच ती शिकायला आली होती. वकिलावर दातांचे डॉक्टर. वकील हे घोड्याचं नाव. प्रत्येक गोष्टीला त्याची हरकत असे. आणि सगळ्यांत रुंद पाठीच्या भोपळ्यावर बेकरीवाला, कारण तोही तसाच रुंद होता. तो नोव्हेंबरात आलेला, सगळ्यांत नवखा.

वहिनी रिंगणाच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मिरी, वकील, भोपळा, सुतळी. चाल!”

काय सांगू, शब्द तेच, पण सूरही तोच. पहिलं अक्षर जरा लांब, शेवट तोडलेला. अण्णांनी पुढे पाटीवर लिहून मला सांगितलं की त्या क्षणी खिडकीशी बसल्या बसल्या त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. चार महिने ते तिचे वर्ग ऐकत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना त्यात आपला आवाज ऐकू आला होता, फक्त तो खालून येत होता.

चाल झाली, दुडकी झाली. वर्तुळं झाली, कोपरे कापणं झालं. चौघं एका ओळीत अशी दौडत होतो की जणू दोरीत ओवलेली. सज्ज्यात काका अस्वस्थपणे किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेत होते. आत्या ओठ चावत होती. इतकं छान आम्ही कधीच दौडलो नव्हतो. परीक्षकांची पेन्सिल थांबली. कोरडा माणूस होता तो, पण घोड्यांवर जीव असलेला. त्यांच्या तोंडून निघून गेलं,

“शाब्बास!”

आणि चारही घोडे थांबले.

थांबले म्हणजे खिळा ठोकल्यासारखे थांबले. डॉक्टरांनी वकिलाच्या मानेला मिठी मारली. टायपिस्ट खोगिरावरून पुढे सरकून सुतळीच्या खांद्यांवर जाऊन बसली. आणि मी मिरीच्या दोन कानांच्या मधून, अगदी सरळ, वाळूत उतरले. बेकरीवाला तेवढा जागच्या जागी होता.

तुम्हाला सांगायला हवं की अण्णा वर्ग संपला की ‘शाब्बास’ म्हणत. एकेचाळीस वर्षं, रोज. शाब्बास म्हटलं की थांबायचं, मग गाजर. आमच्या घोड्यांना तो शब्द आमच्यापेक्षा जास्त आवडायचा.

परीक्षकांनी वही मिटली. मग लंगडत मध्ये आले. मला हात देऊन उठवलं, मिरीवर बसवलं आणि चौघांना म्हणाले, “लगाम सोडा. हात कमरेवर. पाय लांब सोडा, घोड्याला लावू नका. कुणीही काहीही करायचं नाही.” मग सपाट आवाजात, वहीतली यादी वाचावी तसं: “मिरी. वकील. भोपळा. सुतळी. दुडकी.”

चारही घोडे निघाले. आम्ही वरती बाहुल्यांसारखे हात कमरेवर ठेवून.

“दौड.”

दौडले.

“शाब्बास.”

थांबले. मिरीने गाजरासाठी मान वळवली.

“बाई,” परीक्षक वहिनीला म्हणाले, “तुमचे घोडे पास. पंचवीस वर्षांत इतके हुशार घोडे मी पाहिले नाहीत. पण मी घोड्यांची परीक्षा घ्यायला आलो नव्हतो. स्वार कोण आहे, ते मला अजून दिसायचंय.” त्यांनी घड्याळ काढलं. “माझी गाडी सहाची आहे. तीन वाजता परत येतो. हेच चार स्वार, हेच चार घोडे, पण आपापसांत बदललेले. माणूस घोडा चालवताना दिसला तर ठीक. नाहीतर जे पाहिलं ते लिहीन.”

खोगिरांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. चामड्याच्या तेलाचा वास, भिंतीवर ओळीने टांगलेले लगाम, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी कोपरावरची वाळू झाडत होते. खरचटलं होतं; पण आत काहीतरी जास्तच दुखत होतं. चौदा वर्षं घोड्यावर बसून मला घोडा चालवता येत नव्हता. घोडा अण्णा चालवत होते, मी वर बसून फिरून येत होते.

“झालं ते झालं,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी आज त्यांच्या बाजूने सांगते. “उगाच तीन वाजता पुन्हा शोभा करून घेऊ नका.”

तेवढ्यात आत्या हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“एकेचाळीस वर्षं!” ती म्हणाली. “अरे, ह्याने घोडे शिकवले! माणसं नुसती वर ठेवली, बरणीवर झाकण ठेवावं तशी! आणि मी म्हणायचे, आपल्या शाळेत लोक इतक्या लवकर कसे शिकतात!”

“आत्या, जरा हळू,” दादा म्हणाला.

कारण अण्णा दारात उभे होते. जिना उतरायला त्यांना ऑपरेशनच्या डॉक्टरांनी मनाई केली होती. ते आले, खोगिरांच्या पेटीवर बसले. आत्याचं हसू थांबलं होतं. पण तिने मान खाली घातली नाही. तिने मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं, त्या क्षणी ती मनात म्हणत होती की आता हा पाटी मागेल आणि मला गप्प बस म्हणून लिहील, आणि मग मी ह्या घरात पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.

अण्णांनी पाटी मागितली नाही. ते कुजबुजले. आम्ही सगळे पुढे वाकलो.

“खरं आहे,” ते म्हणाले. “मला आवडायचं ते. मी एक शब्द टाकला की सगळं रिंगण हलायचं.” दम घेतला, आत्याकडे बोट दाखवलं. “ही मध्ये उभी राहिली असती तर मागेच सांगितलं असतं हिने. आम्ही हिला मध्ये उभंच राहू दिलं नाही.”

आत्या उठली आणि त्यांच्या शेजारी त्याच पेटीवर बसली. इतकंच. पण त्या बसण्याने घरातली सगळी मांडणी बदलली, हे काकांनाही कळलं, कारण ते लगेच खुर्ची ओढून दोघांपासून लांब बसले.

“सूनबाई,” अण्णा म्हणाले, “माझे शब्द घोड्यांना ठेव. माणसांना दुसरे दे.”

वहिनी इतका वेळ एक लगाम हातात घेऊन त्याचं बक्कल उघडत होती, लावत होती. “बेकरीवाले,” ती एकदम म्हणाली, “तुम्ही का नाही पडलात?”

बेकरीवाला गोंधळला. “पडायला हवं होतं का?”

“नाही हो. आठवा. घोडा थांबला तेव्हा तुम्ही काय केलंत?”

“तुम्ही सांगता तेच. कंबर खाली, पोटऱ्या लावून. सकाळी सहाला तुम्ही गुडघ्याला हात लावून सांगता ना, कानात बोलल्यासारखं.”

मग मला उलगडलं. बेकरीवाला भट्टी विझवून पहाटेच यायचा, भुवयांना पीठ तसंच. वर अण्णा झोपलेले असत. त्यांची झोप मोडू नये म्हणून वहिनी त्याला घोड्याशेजारून चालत हळू आवाजात शिकवायची. आणि घोडे हळू आवाजाला ओळखत नव्हते! त्यामुळे सबंध शाळेत घोडा चालवायला शिकलेला माणूस एकच होता, आणि तो तीन महिन्यांपूर्वी आलेला पाववाला होता.

“बरोबर,” वहिनी म्हणाली. तिच्या गालांवर रंग चढला होता. “येतं मला. शिकवता येतं. फक्त ह्या घोड्यांना न कळणारे चार शब्द हवेत. चाल, दुडकी, दौड आणि थांब.”

“आकडे घ्या,” डॉक्टर म्हणाले.

“अण्णा दुडकीला एक-दोन मोजायचे. घोड्यांना आकडे येतात,” वहिनी म्हणाली.

“पाव, टोस्ट, बिस्कीट,” बेकरीवाला म्हणाला.

“ते तर सगळ्यांत आधी कळतील. भोपळा तुमच्या खिशात तोंड घालील.”

“दुसरं काहीतरी, जे ह्या रिंगणात कुणी कधी बोललंच नाही,” दादा म्हणाला.

आत्याने टाळी वाजवली. “नाती! रिंगणात नातं नाही! ह्या घोड्यांनी जन्मात कधी काका-मामा ऐकलेलं नाही. अण्णा म्हटलं की चाल.”

“आणि दादा म्हटलं की दुडकी,” मी म्हणाले. त्या दिवसातलं माझं पहिलं वाक्य.

“मी दुडकी का?” दादा.

“ठोके एकसारखे टाकतोस म्हणून,” आत्या म्हणाली. “दौड म्हणजे मी, त्यात वाद नको. आणि थांब म्हणजे…”

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

“मला न विचारता?” काका म्हणाले.

“तुझ्याइतकं थांबवायला कुणाला जमलंय?” आत्या म्हणाली. अण्णांच्या घशातून खरखर आली. ऑपरेशननंतर आम्ही त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकत होतो.

तीनला परीक्षक आले. माझ्या वाट्याला वकील आला. मिरीवर बेकरीवाला, भोपळ्यावर टायपिस्ट, सुतळीवर डॉक्टर. सज्ज्यात आत्या पुढच्या बाकावर, काका मागच्या. अण्णा खिडकीशी.

वहिनी मध्ये उभी राहिली. कपाळावरचे केस मागे सारले.

“अण्णा!” ती म्हणाली.

परीक्षकांनी भुवया वर केल्या. घोड्यांनी कान हलवले आणि जागीच उभे राहिले. हा काय शब्द आहे, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. मग मिरीने पाऊल टाकलं. बेकरीवाल्याने तिला काही म्हटलं नव्हतं, पाय मारले नव्हते. तो नुसता जरा खोल बसला होता. त्याच्या मागून भोपळा निघाला, मग सुतळी.

वकील हलला नाही.

मी टाचा मारल्या. लगाम हलवला. जीभ टाळूला लावून आवाज काढला. वकिलाने शेपटी झटकली. तीन घोडे अर्धं रिंगण फिरून आले आणि घरची मुलगी, मास्तरांची मुलगी, फाटकाजवळ पुतळ्यासारखी उभी. माझे कान तापले. मला वाटत होतं, उतरावं आणि चालायला लागावं.

वहिनी माझ्याकडे आली. रिंगणात मिरी म्हणायची सोय नव्हती, वकील म्हणायची तर मुळीच नाही.

“वन्सं,” ती हळूच म्हणाली, “त्याला विनवताय की सांगताय?”

“सांगतेय! ऐकत नाही!”

“टाचा काढा आधी. तुम्ही सारखं दार वाजवताय, तो कंटाळलाय.” तिने हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. “किती वेळ श्वास धरून ठेवलाय? सोडा. सगळा. हां. आता कंबर सोडा, बसताय कुठे तुम्ही, खोगिरावर की हवेत? पोटऱ्या त्याच्या बरगड्यांना नुसत्या लावा, ओल्या कपड्यासारख्या. कुठे जायचंय तिकडे बघा. माझ्याकडे नाही. अण्णांच्या खिडकीकडेही नाही. पुढे.”

मी पुढे पाहिलं. श्वास सोडला.

आणि माझ्याखाली तो एवढा मोठा प्राणी पाठीतून उचलला गेला. किती विचित्र वाटलं! चौदा वर्षांत हजारो वेळा माझ्याखाली घोडा चालला असेल, पण मी त्याला चालवलंय असं पहिल्यांदा झालं. मी हसले असणार, कारण वहिनीही हसली आणि मग लगेच मध्ये जाऊन ओरडली, “दादा!”

दुडकी. टायपिस्टचे दात वाजत होते, पण भोपळा तीच हाकत होती, हे रिंगणातल्या कुणालाही दिसत होतं. आधी आम्ही जसे ओवलेले होतो तसे आता नव्हतो. डॉक्टर वर्तुळाबाहेर गेले, बेकरीवाल्याला कोपरा मोठा झाला. वहिनी एकेकाला नावाने नाही, नात्यानेही नाही, नजरेने पकडत होती. “डावा खांदा! तुमचा, डॉक्टर. दात बघताना वाकता तसे वाकू नका.” “बाई, खाली काय बघता? जमीन आहे तिथेच आहे.”

“आत्या!”

वकील दौडायला लागला. मी त्याला दौडवलं. वाळू उडत होती, पत्र्यावर टापांचा आवाज घुमत होता, आणि बरोबर तेव्हा परीक्षकांनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन, मुद्दाम, सगळी छाती भरून आरोळी ठोकली,

“शाब्बास!”

चारही घोडे अडखळले. वकिलाची पावलं सकाळसारखीच आखडली. पण माझी कंबर खाली होती. पोटऱ्या लावलेल्या होत्या. मी म्हटलं, नाही. पुढे. आणि तो पुढे गेला! माझ्यापुढे मिरी गेली, मागून सुतळी, आणि मागे टायपिस्ट किंचाळत होती, “चल रे भोपळ्या, ते तुला नाही म्हणत!”

सज्ज्यात आत्या बाकावर उभी राहिली होती. एक पूर्ण फेरी. दुसरी. आणि मग वहिनीने, अगदी साध्या आवाजात, टेबलावर हाक मारावी तशी हाक मारली,

“काका.”

चारही घोडे थांबले. चारही स्वार सरळ बसलेले.

“काय?” काका सज्ज्यात उभे राहून म्हणाले.

परीक्षक इतके हसले की त्यांची वही वाळूत पडली. ती दादाने उचलून पुसून दिली. मी उतरले तशी त्यांनी तिथेच, वकिलाच्या खोगिरावर वही टेकवून लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, “स्वार चालवतात. प्रशिक्षक शिकवते. उत्तीर्ण.” मग खिडकीकडे वर बघून टोपी काढली. “मास्तर, तुमचे घोडे मिळाले असते तर मी आयुष्यात एकही शर्यत हरलो नसतो. आणि तुमची सूनबाई मिळाली असती तर हा पाय धड असता.”

वहिनी तशीच मध्ये उभी होती. आत्या खाली आली, फाटक उघडून सरळ आत गेली. शिट्टी अण्णांच्या खोलीत खुंटीला असायची. ती अण्णांनी आत्याच्या हाती दिली होती. आत्याने ती वहिनीच्या गळ्यात घातली आणि दोन्ही हातांनी तिची कॉलर नीट केली. मला हेवा वाटायला हवा होता. मी वाट बघितली, पण आला नाही.

पाचला सचिव आले, हातात मोजायची टेप. काका फाटकाशी गेले. आम्हाला वाटलं आता पुन्हा चर्चा.

“रिंगण चालू आहे,” काका म्हणाले.

“पण आपलं ठरलं होतं…”

“ठरलं होतं. थांबलं.” काकांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला. “मंगळवारी आणि शुक्रवारी नवख्यांचा वर्ग असतो. नाव नोंदवायचं असेल तर सांगा. तुमच्या वजनाला भोपळा ठीक राहील.”

पुढे काकांनी मला सांगितलं, “ह्या घरात माझ्या शब्दाने पहिल्यांदाच काहीतरी धड झालं, बाळ.” अकरा वर्षांनी गेले ते. तोपर्यंत परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख त्यांनी एकदाही चुकवली नाही, आणि घोड्याला हात मात्र शेवटपर्यंत लावला नाही.

अण्णा आणखी सहा वर्षं जगले. शेवटची दोन वर्षं ते वहिनीच्या वर्गात शिकायला येत होते, खुर्चीवर बसून, वहीत टिपणं काढत. आत्याने साठाव्या वर्षी परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाली. परीक्षक तेच होते. तिने बायकांचा वेगळा वर्ग काढला. तिच्या शिव्या ऐकायला लोक सज्ज्यात येऊन बसत. ब्याऐंशीव्या वर्षी ती झोपेत गेली, बूट पलंगाखाली तेल लावून ठेवलेले होते.

दादाची पाठ वाकली, पण हातोडा सुटला नाही. त्याच्या दोन्ही मुली आज नाल मारतात, आणि त्याच्यापेक्षा चांगल्या, असं तो स्वतः म्हणतो. टायपिस्टने डॉक्टरांशी लग्न केलं आणि मग दोघांनीही घोडे सोडले, का ते आम्ही विचारलं नाही. बेकरीवाल्याने तीन वर्षांत वजनदार स्वारांच्या गटात करंडक मिळवला. त्याच्या दुकानात पावांच्या मधे तो अजून ठेवलेला आहे.

मला पंचवीस पुरी झाली त्या वर्षी मी परीक्षा दिली, नापास झाले, पुन्हा दिली. मग एकतीस वर्षं दुसऱ्या गावी शिकवलं. माझ्या हाताखालून किती माणसं गेली ते मी मोजलेलं नाही. पण त्यातली कितीजण खरंच घोडा चालवत होती, ते सांगू शकते.

आणि वहिनी. ती आता ऐंशीला टेकलीय. सकाळी सहाचा वर्ग तिचाच. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले तेव्हा तिने एक नवी घोडी आणली होती, तीन वर्षांची, डोळ्यांत अजून भीती असलेली, खोगीर पाहिलं की थरथरणारी. आम्ही दोघी कठड्याला टेकून तिच्याकडे बघत होतो.

“चांगली होईल,” वहिनी म्हणाली. “सात-आठ वर्षं लागतील. मला घाई नाही.”